जिल्हा परिषदेच्या शाळेला वर्गसाहित्यासाठी पैसे द्यायचेत? मग असे द्या

जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंतच्या मुलांना पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, गणवेश मिळतो, दुपारी खिचडी मिळते. त्यामुळे शहरात स्थिरावलेला एखादा माजी विद्यार्थी गावच्या शाळेला काही द्यायचं ठरवतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर एक तर मोठा टीव्ही येतो, नाही तर दप्तरांचं वाटप. शाळेत रोज कमी पडतं ते वेगळंच असतं. प्रिंटरची शाई, ए-फोर कागद, कार्डशीट, स्केचपेन, डिंक, पहिलीच्या मुलांच्या पाट्या आणि पाटीवरच्या पेन्सिली, कपाटाचं कुलूप, रबरी चेंडू. या वस्तूंच्या नावाने कुठलीही योजना निघत नाही. मग त्या कोण आणतं? बहुतेक वेळा गुरुजी किंवा बाई, स्वतःच्या खिशातून.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पुढचं सगळं घेणाऱ्याच्या बाजूने लिहिलेलं आहे, हे ध्यानात ठेवूनच वाचा.

आधी शाळेचा हिशेब

शाळेला वर्षाकाठी मिळणारी मुख्य रक्कम म्हणजे समग्र शिक्षा अभियानातलं संयुक्त शाळा अनुदान. ते पटावर, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या संख्येवर ठरतं. मार्गदर्शक तत्त्वांनुसार ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, ३१ ते १०० पटाला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, त्यापुढे १,००० पर्यंत ७५,००० आणि त्याहून मोठ्या शाळेला १ लाख. यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो.

वाडीवरची २५ मुलांची शाळा घ्या. १०,००० मधले १,००० फिनेल-झाडूला गेले. उरले ९,०००, म्हणजे महिन्याला ७५०. त्यात वीजबिल, खडू, हजेरीपटापासूनची सगळी रजिस्टरं, गळका नळ आणि झेरॉक्स. शिवाय पैसे जूनमध्ये शाळा उघडताना हातात नसतात. अनेकदा ते आर्थिक वर्ष संपत आल्यावर येतात आणि मग ३१ मार्चच्या आत खर्च करायची धावपळ होते.

कागद आणि शाई इतकी का लागते, हे बाहेरच्याला चटकन कळत नाही. अशा शाळेत शिक्षक दोन आणि इयत्ता चार. मी दुसरीला वाचायला घेते, तेव्हा पहिलीच्या मुलांच्या हातात काहीतरी काम हवं. नुसतं 'पाढे लिहा' म्हटलं की पाच मिनिटांत वर्गाचा बाजार होतो. ज्याच्या त्याच्या पातळीची कृतिपत्रिका हातात असली, तर तेच मूल वीस मिनिटं मान खाली घालून बसतं. द्विशिक्षकी शाळेत कृतिपत्रिका हीच तिसरी शिक्षिका, आणि तिचा पगार म्हणजे कागद आणि शाई.

पहिली पायरी: शाळा निवडणं

स्वतःच्या गावची शाळा असेल तर प्रश्नच नाही. नसेल, तर गाजलेल्या शाळेच्या मागे जाऊ नका. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडी किंवा शहापूर तालुक्यातला पष्टेपाडा ही नावं लोकसहभागातून उभ्या राहिलेल्या शाळांमुळे राज्यभर पोचली, आणि ते योग्यच झालं. पण ज्या शाळेचं नाव वर्तमानपत्रात आलं तिला पुढचा देणगीदार आपोआप सापडतो. रस्त्यापासून चार किलोमीटर आत असलेल्या तांड्यावरच्या शाळेला तो सापडत नाही. कोणती शाळा मागे पडली आहे, हे केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात जाऊन तुमच्या भागातल्या केंद्रप्रमुखांचा नंबर मागा.

शाळा ठरली की तिचा यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक घ्या. हा ११ अंकी असतो आणि महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. एकाच नावाची गावं आणि वाड्या इतक्या आहेत की नुसत्या नावावर विसंबून पैसे पाठवणं धोक्याचं. यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की शाळेचा पट, शिक्षक, वीज, स्वच्छतागृह अशी प्राथमिक माहिती दिसते. ती माहिती शाळेनेच भरलेली असते, म्हणून फोनवर एकदा पडताळून बघा.

मुंबईत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. महापालिका आपल्या शाळांतल्या मुलांना दप्तर, वह्या, बूट, छत्री धरून २७ शालेय वस्तू देते. तिथे पुन्हा दप्तरं वाटली की एका मुलाकडे दोन दप्तरं होतात आणि वर्गात कागद नसतोच. खाजगी अनुदानित शाळांचा मामला निराळा. त्या संस्थेच्या मालकीच्या असतात, देणगी संस्थेच्या खात्यात जाते आणि नियमही वेगळे. हा लेख त्यांच्याबद्दल नाही.

दुसरी पायरी: यादी मागणं, आणि नीट मागणं

'शाळेला काय हवं?' असं विचारलंत तर उत्तर येणार, 'काय द्याल ते चालेल.' आम्हा शिक्षकांना मागायची लाज वाटते. शिवाय इतकं मोठं माणूस फोन करतंय आणि आपण स्केचपेन मागायचे, हे बरं दिसत नाही, म्हणून कुणी तरी टीव्ही सांगून मोकळं होतं. प्रश्न बदला. 'गेल्या दोन महिन्यांत तुम्ही पदरच्या पैशांनी वर्गासाठी काय काय आणलंत?' याचं उत्तर खरं येतं, आणि तीच तुमची यादी.

त्याबरोबर चार गोष्टी विचारून घ्या. वीज चालू आहे की थकबाकीमुळे तोडली आहे? प्रिंटर आहे का, असल्यास मॉडेल कोणतं? (शाई मॉडेलप्रमाणे बदलते. चुकीची बाटली आली की ती वर्षभर खिडकीत पडून राहते.) कुलूपबंद कपाट आहे का, त्यात उंदीर-वाळवी शिरते का? आणि यंदा दुसरं कुणी काही देणार आहे का? एकाच वर्षी तीन मंडळांनी तीन वॉटर फिल्टर दिलेली शाळा मी पाहिली आहे.

पहिला निरोप असा पाठवला तरी पुरे:

'नमस्कार मॅडम, मी आपल्या शाळेचा माजी विद्यार्थी. वर्गात रोज वापरून संपणाऱ्या साहित्यासाठी यंदा १५,००० रुपये द्यायचा विचार आहे. टीव्ही, रंगरंगोटी किंवा कार्यक्रम यासाठी नाही. तुम्ही आणि सहशिक्षकांनी मिळून एक यादी केलीत तर बरं होईल. आधी काय लागतं ते वर लिहा. पैसे शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात पाठवायचे की दुकानदाराला थेट द्यायचे, तेही तुमच्या सोयीने सांगा. कार्यक्रम किंवा फोटोची अपेक्षा नाही.'

रक्कम पहिल्याच निरोपात सांगा. रक्कम कळल्याशिवाय यादी करणं म्हणजे अंधारात मापं घेणं. रक्कम कळली की शिक्षक नेमकी काटछाट करतात, कारण पैसे पुरवून पुरवून वापरायची आम्हाला सवयच आहे.

तिसरी पायरी: पैसे कुठे टाकायचे

शिक्षण हक्क कायदा, २००९ मधल्या कलम २१ नुसार शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांमधला, मुख्याध्यापक सचिव. अनुदानाचा वापर बघणं आणि शाळेचा विकास आराखडा करणं ही याच समितीची कामं. शाळेला मिळणारी देणगी या समितीच्या नावाने घ्यावी, हा सरळ मार्ग.

पण खात्याचा क्रमांक घेताना एक खाचखळगा आहे. समग्र शिक्षाचे पैसे आता शून्य शिल्लक खात्यांच्या पद्धतीने येतात. शाळेला खर्चाची मर्यादा मिळते, प्रत्यक्ष रक्कम वरच्या मुख्य खात्यात राहते. अशा खात्यात तुमची देणगी टाकायची नसते. लोकवर्गणीसाठी समितीचं वेगळं बचत खातं असतं, ते चालू आहे का ते विचारा. बरीच वर्षं व्यवहार नसल्याने ही खाती बंद पडलेली असतात. सुरू करायला अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांनी तालुक्याच्या बँकेत जावं लागतं, आणि अध्यक्ष ऊसतोडीला गेले असतील तर ते मार्चनंतरच येतात.

म्हणूनच मुख्याध्यापक म्हणतात, 'माझ्याच नंबरवर फोनपे करा ना.' त्यांच्या हेतूवर शंका घेऊ नका, पण असं करूही नका. उद्या गावात कुणी अर्ज केला तर वैयक्तिक खात्यात आलेल्या देणगीचा खुलासा देताना प्रामाणिक माणसाचीही दमछाक होते.

वीस-पंचवीस हजारांच्या आतली रक्कम असेल तर मी दुसरा रस्ता सुचवेन. शाळेने तालुक्याच्या दुकानातून दरपत्रक घ्यावं, तुम्ही ते बघून दुकानदाराच्या खात्यात थेट पैसे पाठवावेत आणि बिल 'मुख्याध्यापक, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा' अशा नावाने, गाव आणि यूडायस क्रमांकासह करून घ्यावं. शाळेच्या लेखी ही वस्तुरूप देणगी होते. बँकेच्या फेऱ्या वाचतात, कुणाच्या हातात रोकड येत नाही. शक्य असेल तर दोन-तीन दुकानांची दरपत्रकं मागा.

केंद्र सरकारचं विद्यांजली हे संकेतस्थळही आहे. त्याची सध्याची आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये आली. तिथे शाळा आपल्या गरजा नोंदवतात आणि देणारा साहित्य किंवा सेवा देऊ करतो. गावाशी काहीच ओळख नसलेल्या माणसाला सुरुवातीला ते उपयोगी पडतं, पण फोन मात्र तरीही कराच. राज्याची २०२३ ची दत्तक शाळा योजना पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळेची जबाबदारी घेणाऱ्या कंपन्या आणि मोठ्या देणगीदारांना डोळ्यांपुढे ठेवून आखलेली आहे. पंधरा हजारवाल्याने तिकडे जायचं कारण नाही.

चौथी पायरी: खरेदी

२५ पटाच्या, पहिली ते चौथीच्या शाळेला १५,००० रुपये द्यायचे असतील तर माझी वाटणी अशी: ६,००० कागद, शाई, कार्डशीट, लॅमिनेशनचे पाऊच, डिंक, कात्र्या, रंग यांना. ४,००० गोष्टींच्या पुस्तकांना. २,५०० गणिताच्या साहित्याला, १,५०० खेळाच्या सामानाला. उरलेले १,००० दुकानात शाळेच्या नावाने जमा ठेवायचे. शाळेत प्रिंटरच नसेल तर हे गणित बदलतं. पहिल्या वर्षी शाईच्या टाकीचा साधा प्रिंटर घ्या आणि बाकी सगळं त्याच्यामागे ढकला.

पुस्तकांवर थोडं थांबते, कारण इथे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात. घरातली जुनी पुस्तकं पाठवू नका. त्यात निम्मी स्पर्धा परीक्षेची असतात आणि उरलेली सातवीच्या मुलालाही न झेपणारी. पहिली-दुसरीला पानावर मोठं चित्र आणि खाली एक-दोन ओळी, एवढंच हवं. प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन यांच्याकडे अशी मराठी पुस्तकं मिळतात. एकाच चांगल्या पुस्तकाच्या चार-पाच प्रती घ्या. गटात बसून सगळ्यांनी एकच गोष्ट वाचली की मुलं एकमेकांना अडलेलं सांगतात, जे वीस वेगवेगळ्या पुस्तकांनी होत नाही. चौथीच्या पुढच्या मुलांसाठी बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे, १९७१ पासून निघतंय. त्याची वार्षिक वर्गणी शाळेच्या पत्त्यावर भरून टाका. दर महिन्याला काहीतरी नवं हातात येतं, याची मुलांना फार अपूर्वाई असते.

गणिताला महागड्या पेट्या लागत नाहीत. दहा-दहाच्या दोन रंगांतली शंभर मण्यांची माळ, दशकाचे दांडे आणि सुटे ठोकळे, खेळातल्या नोटा, फासे, एक तागडी आणि वजनं, मोजपट्ट्या. समग्र शिक्षाकडून गणितपेटी आलेली असेल, तर तिच्यातलं काय हरवलंय तेवढंच भरून द्या.

खरेदी शक्यतो तालुक्याच्या गावातूनच करा. ऑनलाइन दोन-पाच टक्के स्वस्त पडेल, पण फुटका ठोकळा आला तर वाडीवरून परत कोण पाठवणार? बिल बघताना एक तपासा: २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर, रंगखडू, नकाशे आणि पृथ्वीगोल यांच्यावर जीएसटी शून्य आहे. जुन्या सवयीने लावलेला कर दिसला तर काढायला सांगा.

टीव्ही, टॅब, प्रोजेक्टर यांना माझा विरोध नाही. पण ज्या शाळेची वीज वर्षातून दोनदा तुटते, तिला आधी वीजबिल भरून द्या. ती देणगी फोटोत चांगली दिसत नाही, एवढाच तिचा दोष. रंगवलेल्या बोलक्या भिंतींचंही तेच. 'माझी शाळा, सुंदर शाळा' स्पर्धेनंतर भिंती खूप रंगल्या. भिंत एकदा वाचून होते, कागद रोज लागतो.

पाचवी पायरी: कागदपत्रं

समितीच्या सभेत देणगी स्वीकारल्याचा ठराव, इतिवृत्तात नोंद, देणगीदाराला पावती किंवा मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचं पोच पत्र, आणि वस्तूंची साठा नोंदवहीत नोंद. एवढं झालं की तुमची बाजू आणि शाळेची बाजू दोन्ही पक्क्या. पैसे खात्यात दिले असतील तर किर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत जमा आणि बिलांसह खर्च. या नोंदींच्या मोबाइलवर काढलेल्या फोटोंवर समाधान माना, छापील अहवाल मागू नका. तो करायला आम्हाला रविवार घालवावा लागतो.

आता एक आतली गोष्ट. टिकाऊ वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायमच्या सामानाच्या नोंदवहीत चढते. एकदा चढली की ती मोडली, हरवली, तर मुख्याध्यापकांना जाब द्यावा लागतो, आणि ती नोंदवहीतून कमी करायला निर्लेखनाची लांबलचक प्रक्रिया. परिणाम काय होतो? देणगीत आलेलं सूक्ष्मदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी खोक्यात, खोकं कपाटात, आणि चावी मुख्याध्यापकांच्या खिशात. मुलांनी ते वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी बघायचं. म्हणून शक्य तितकं उपभोग्य साहित्य द्या, जे वापरून संपलं की नोंदवहीतूनही संपतं. पुस्तकं आणि ठोकळ्यांसारख्या वस्तूंबरोबर देणगीपत्रात एक ओळ लिहाच: 'हे साहित्य मुलांच्या रोजच्या हाताळणीसाठी दिले आहे, वापरात फाटल्यास किंवा मोडल्यास देणगीदाराची हरकत नाही.' या ओळीने नियम बदलत नाही, पण आमची भीड निम्मी होते आणि कपाट उघडतं.

कर आणि परदेशातले पैसे

प्राप्तिकरातली सवलत ज्या तरतुदीने मिळते, तिला सगळे अजून ८०जी म्हणतात. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. ही सवलत तशी नोंदणी असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे ती नोंदणी सहसा नसते. दुकानदाराला थेट दिलेल्या पैशांवर, म्हणजे वस्तुरूप देणगीवर, सवलत नाही. नोंदणीकृत संस्थेलाही २,००० रुपयांच्या वर रोख दिलेत तर ती रक्कम धरली जात नाही, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर हा विषयच संपला. सवलत हवीच असेल तर तुमच्या तालुक्यात शाळांबरोबर खरंच काम करणारी नोंदणीकृत संस्था शोधा आणि शाळेचं नाव, यादी पत्रात लिहून तिच्यामार्फत द्या. पंधरा हजारांवर वाचणारा कर किती, ते आधी मोजून बघा. पुष्कळदा तो या खटाटोपाच्या मानाने थोडा निघतो.

परदेशातल्या मंडळींनी पासपोर्ट कोणता आहे ते आधी बघायचं. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड असलं तरी तुमची देणगी परकीय धरली जाते आणि २०१० चा एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा लागू होतो. अशा वेळी शाळेच्या खात्यात थेट पैसे टाकून मुख्याध्यापकांना अडचणीत आणू नका. एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेमार्फतच द्या.

वाटप, फ्लेक्स, फोटो

वह्या मुलांच्या हातात देताना फोटो काढायचा, हा प्रकार मला आवडत नाही, आणि मुलांना तर मुळीच नाही. साहित्य मुलाला न देता वर्गाला द्या. वर्गाच्या फळीवर रंगांचा डबा असला की ज्याच्याकडे रंग नाहीत तो कोण, हे कुणाला कळत नाही. आभार मानायचेच असतील तर २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर नाव वाचून दाखवू, गावाला तेवढं पुरतं. शाळा बघायला जरूर या. येताना आधी सांगा आणि एखादा तास मुलांना गोष्ट वाचून दाखवायची तयारी ठेवा.

पुढच्या वर्षी

एकदा ५०,००० देण्यापेक्षा पाच वर्षं दर वर्षी १०,००० द्या. शाई दर वर्षी संपते. दहावीच्या किंवा सातवीच्या जुन्या बॅचचा व्हॉट्सॲप गट असेल तर ३० जणांचे ५०० धरून १५,००० सहज जमतात. फक्त जमा करणारा एकच माणूस ठेवा आणि त्याने दुकानदाराला पैसे पाठवल्याची पावती गटावर टाकावी. वेळ साधायची तर एप्रिलमध्ये यादी मागा आणि मेच्या अखेरीस खरेदी उरका. शाळा जूनच्या मध्याला उघडते, विदर्भात उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात. पहिल्या दिवशी साहित्य हजर असेल तर त्याचा उपयोग वर्षभर होतो. डिसेंबरात आलं तर निम्माच.

मध्येच शिक्षकांची बदली होते आणि समितीही दर दोन वर्षांनी नव्याने बसते. म्हणून तुमच्याकडे तीन नंबर असू द्या: मुख्याध्यापक, समितीचे अध्यक्ष आणि केंद्रप्रमुख. नवे गुरुजी रुजू झाले की त्यांना मागच्या वर्षीची यादी आणि दुकानाचं नाव पाठवून द्या. शाळेच्या नावाने दुकानात हजार रुपये जमा आहेत, हे बदलीच्या गडबडीत सांगायचं राहून जातं.